बसायचं काम

अकोला,
१७ जून १९६३

चि. धर्मपाल यास,

जयभीम. जमुनाला आणि पोरांना आशीर्वाद.

पोचल्याचं कार्ड टाकलं नाही म्हणून रागावला असशील. जे लिहायचं आहे ते कार्डावर लिहिण्यासारखं नाही. आमच्या पोस्टमनला वाचत यायची सवय आहे.

शुक्रवारी मी कामावर रुजू झाले. निदान मला तसं वाटलं. सकाळी धुवट पातळ नेसले, पोलक्यात डाव्या बाजूला कापसाची घडी शिवून बसवली (वऱ्हाडात कापसाला काय तोटा!), दोन्ही बाजू सारख्या दिसतात का ते आरशात पाहिलं आणि मुंबईच्या डॉक्टरांचा दाखला घेऊन ऑफिसात गेले. बाई कामावर रुजू होऊ शकतात, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. साहेबांनी तो वाचला आणि टेबलाच्या खणात टाकला. म्हणाले, "जयवंताबाई, गावोगाव फिरणं आता बंद. तुमची गावं शालूबाईंकडे दिली आहेत. तुम्ही इथं बसून आवक-जावक पाहा. सावलीतलं काम आहे."

मी म्हटलं, "साहेब, मी सावली मागितली होती का?"

"तुमच्या भल्यासाठीच आहे, बाई."

कपाटामागच्या कोपऱ्यात मला टेबल दिलं आहे. माझी सायकल गोदामात, दुधाच्या पावडरच्या पोत्यांमागे उभी आहे. तिच्या चाकांतली हवा गेली आहे.

ग्रामसेविका झाले तेव्हा हिवऱ्याच्या बाया मला ओट्यावरच थांबवायच्या. का, ते तुला सांगायला नको. शेवटी पार्बताबाई पाटलीण धुराने डोळे चोळत बाहेर आली आणि म्हणाली, "या वो बाई, पाहू द्या तुमची बिनधुराची चूल." तिच्या स्वैपाकघरात बसून मी चूल लिंपली. त्यानंतर हिवऱ्यात मला कोणी ओट्यावर थांबवलं नाही. ती गावं मला कोणी दान दिली नव्हती.

एक गोष्ट कळत नाही. रजेच्या अर्जात मी फक्त 'ऑपरेशन' एवढंच लिहिलं होतं, कसलं ते नाही. तरी साहेबांना सगळं ठाऊक आहे. माझ्याशी बोलताना ते छताकडे पाहतात, आणि छतावरून नजर घसरली की ती कुठे जाते ते मला कळतं. यांना कोणी सांगितलं असेल?

हात खांद्याच्या वर अजून नीट जात नाही. पण हँडल धरायला खांद्याच्या वर हात न्यावा लागत नाही.

तुझी,
बाई


अमरावती,
२४ जून १९६३

ती. बाईस,
सविनय जयभीम.

तुझं पत्र जमुनाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, नोकरी राहिली हेच खूप आहे, आणि मलाही तसंच वाटतं. मी बांधकाम खात्यात इतकी वर्षं टेबलावर बसूनच काम करतो आहे. त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही, मग तुला का वाटावा? साहेबांच्या मनात वाईट असेल असं मला वाटत नाही. ऑफिसातल्या गोष्टी वाऱ्यासारख्या पसरतात. कोणी सांगितलं, याचा शोध घेऊन काय हाती लागणार?

खरं म्हणजे तू नोकरीच सोड आणि इकडे ये. आपले वडील गेले तेव्हा मी शाळेत होतो. तू स्वतः तरुणपणी विधवा झालेली, फायनलची परीक्षा देऊन नोकरी केलीस आणि मला शिकवलंस. आता मला काही करू दे. जमुनाच्या माहेरहून, मोर्शीहून, संत्र्यांची करंडी येते तेव्हा पोरं पहिल्यांदा तुझी आठवण काढतात.

उन्हात फिरू नको. हाताला सूज आली तर लगेच कळव.

तुझा,
धर्मपाल


अकोला,
१५ जुलै १९६३

चि. धर्मपाल,

काल रविवार होता. गोदामाच्या शिपायाकडून किल्ली घेतली, चाकांत हवा भरून घेतली आणि हिवऱ्याला गेले. कोणाला विचारलं नाही. रस्त्यात चिखल होता, दोनदा उतरून ढकलावी लागली, हात ठणकला. पण अंगावर वारा आला तेव्हा मुंबईहून परत आल्यापासून पहिल्यांदा मला मी जिवंत असल्यासारखं वाटलं. हे तुला आवडणार नाही, तरी लिहिते.

पार्बताबाईच्या दारात गेले. ती पीठ चाळत होती. मला पाहून उठली, आणि मला वाटलं, पाणी आणायला उठली. तिनं नातवाला आत ढकललं आणि दाराच्या दोन्ही बाजूंना हात लावून उभी राहिली.

"बाई, तुमी बाहेरच बरं. घरात लेकरं हायेत."

"लेकरांचं काय?"

"तुमचा तो रोग... शालूबाई सांगत होती. लेकरायले लागन."

मी म्हटलं, "पार्बताबाई, हा रोग असा लागत नाही. डॉक्टरनं सांगितलं आहे."

"डॉक्टर काय, कायबी सांगते," म्हणाली आणि दार ओढून घेतलं. दाराच्या फटीतून माझ्या चुलीचा वास येत होता. बिनधुराच्या चुलीला वास नसतो म्हणशील. मला येत होता.

धर्मपाल, पहिल्यांदा जातीनं ओट्यावर थांबवलं होतं. ते दार मी माझ्या हातांनी उघडलं होतं. आता रोगानं बंद झालं आणि दोन्ही वेळा बायका एकच बोलल्या, लागन. मी तिथं रडले नाही. सायकल फिरवली आणि गावाबाहेर येऊन बांधावर बसले. इतका संताप मला नवरा मेला तेव्हाही आला नव्हता.

शालूला विचारलं. पोरगी बिचारी रडायलाच लागली. तिला म्हणे शिपायानं सांगितलं, शिपायानं साहेबांच्या खोलीत ऐकलं. म्हणजे साहेबच. त्यांच्याविरुद्ध मी जिल्हा परिषदेकडे अर्ज करणार आहे. माझा आजार चव्हाट्यावर आणला, आणि दाखला असताना काम काढून घेतलं. तू शुद्ध लिहितोस. मसुदा करून पाठव.

बाई


अमरावती,
२० जुलै १९६३

ती. बाईस,
जयभीम.

हिवऱ्याचं वाचून मला जेवण गेलं नाही. त्या बाईचं तोंड पाहू नको. पण बाई, साहेबांविरुद्ध अर्ज करू नको. हात जोडून सांगतो. वरिष्ठांशी वैर धरून काय मिळणार? कदाचित त्यांना खरोखरच तुझी काळजी असेल. कोणी तरी त्यांच्याकडे आपुलकीनेच बोललं असेल. थोडे दिवस जाऊ दे.

मसुदा पाठवत नाही. रागावू नको.

धर्मपाल


अकोला,
२ ऑगस्ट १९६३

धर्मपाल,

आज मायना नाही. शुद्ध लिहायचं बी नाही. राग आला की मले पुस्तकातली भाषा सुचत नाही.

मसुदा मीच केला. काल तो घेऊन साहेबापुढे उभी राहिली. म्हनलं, "साहेब, हा वर पाठवा. नाही तर मी सोता जाऊन देईन." साहेबानं वाचला अन् त्याचं तोंड लाल झालं. म्हने, "बाई, माह्यावर कायले चिडता? मी काय तुमच्या घरी पाहाले आल्तो? तुमचा भाऊच आल्ता मे महिन्यात. त्या खुर्चीत बसला होता. हात जोडून म्हने, बहिणीले कॅन्सर होता, तिले उन्हात फिरवू नका, टेबलावर बसवा. अन् मी आल्तो हे तिले सांगू नका."

मी त्या खुर्चीकडे पाहत राहिली.

मी तुह्या घरी खाटेवर पडून होती, जमुना माह्या हाताले तेल लावून देत होती, हात भिंतीवर बोटाबोटानं वर चढवाले शिकत होती कामावर जायचं म्हणून. अन् तू म्हनला, "बाई, मोर्शीले जाऊन येतो, सासऱ्याची तब्येत बरी नाही." तू मोर्शीले गेल्ता का अकोल्याले?

काहून? एवढंच सांग. काहून?

साहेबाच्या खोलीत तू बोलला, शिपायानं आइकलं, शिपायानं शालूले सांगतलं, शालूनं हिवऱ्यात. पार्बताबाईनं दार लावलं असं मी तुले लिहिलं होतं. ते दार तू लावलं, धर्मपाल. तुह्या हातानं लावलं. अन् वरून मले लिहून राहिला की त्या बाईचं तोंड पाहू नको!

मी दोन महिने साहेबाले शिव्या देऊन राहिली, अन् तू पत्रातून मले थापटून राहिला. निजव बाप्पा, निजव. लहान लेकरू हाये मी.

तू परका असता तर मी तुह्यावर बी अर्ज केला असता.

जयवंता


अमरावती,
९ सप्टेंबर १९६३

ती. बाईस,

एवढे दिवस उत्तर दिलं नाही. तीनदा लिहून फाडलं. आता फाडणार नाही.

मी गेलो होतो. खोटं बोलून गेलो होतो. का, ते वाच, मग काय म्हणायचं ते म्हण.

मुंबईला तुझे टाके काढले त्या दिवशी डॉक्टरांनी मला खोलीबाहेर व्हरांड्यात बोलावलं. म्हणाले, "तुमच्या बहिणीच्या काखेतही पसरलं होतं. काढता आलं तेवढं काढलं, किरणांचा शेकही देऊ. पण हे परत येतं. दोन वर्षं धरा. नशीब चांगलं असेल तर थोडी जास्त." मी विचारलं, तिला सांगू का? म्हणाले, "मुळीच नको. बायका खचतात. तुम्ही घरातले पुरुष आहात, तुम्हीच सांभाळा." आणि मग कामावर जायचा दाखलाही त्यांनीच लिहून दिला. तू हट्ट धरलास म्हणून आणि त्यांना नाही म्हणायचं कारण तुला सांगायचं नव्हतं म्हणून.

मी आत आलो तेव्हा तू विचारलंस, "काय म्हणाले?" मी म्हणालो, "सगळं निघालं म्हणाले." तू हसलीस. ते हसणं घेऊन मी आजवर फिरतो आहे. जमुनालाही सांगितलेलं नाही.

तुला दोन वर्षं आहेत आणि तू ती चिखलात सायकल ढकलत घालवणार? मला ते पाहवत नव्हतं.

पण बाई, आता मीही विचारतो. मी चार महिने लपवलं. तू? गाठ हाताला लागल्यावर वर्षभर तू कोणाला सांगितलं नाहीस. जमुनाला तुझ्या पोलक्यावर रक्ताचा डाग दिसला तेव्हा आम्हाला कळलं. वर्षभर आधी गेलो असतो तर काखेत पसरलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. तेही मी तुला सांगितलं नव्हतं. तुझी गावं, तुझ्या चुली, तुझं महिला मंडळ! आणि तुझ्यावर मी काय करायचा अर्ज? कुठे करायचा?

मीही माणूस आहे. मलाही राग येतो.

धर्मपाल


अकोला,
१३ सप्टेंबर १९६३

धर्मपाल,

पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. मग घासलेली भांडी पुन्हा घासली.

लपवली. खरं आहे. दुखत नव्हती म्हणून सोडून दिली. मग मोठी झाली तेव्हा पुरुष डॉक्टरपुढे पोलकं काढायची लाज वाटली. गावोगावच्या बायांना पोरांच्या हगवणीपासून डोळ्यांपर्यंत सगळं मी सांगत होते, पण हे मला कोणी शिकवलं नव्हतं आणि मीही कोणाला विचारलं नाही. त्याचा राग माझा माझ्यावर आहे. तो तुला वाटून देणार नाही.

पण बाकीचा तुझा आहे, आणि त्या डॉक्टरचा. बायका खचतात हे त्याला कोणत्या बाईनं सांगितलं? त्यानं माझी छाती कापली आणि तिचं काय झालं ते तुला सांगितलं. मी खाटेवर होते, बहिरी नव्हते. दोन वर्षं म्हणाला ना? ती माझी होती. त्यातले कितीतरी दिवस मी आवक-जावकात घालवले, कारण मला वाटत होतं की पुढे पुष्कळ आहेत. साहेबाशी भांडण उद्या करू, परवा करू. तू मला विश्रांती दिली नाहीस. माझे दिवस घेतलेस.

तू चांगल्या मनानं केलंस, हे मला कळतं. त्यानं राग कमी होत नाही, उलट वाढतो. वाईट मनानं केलं असतंस तर तुला टाकून दिलं असतं.

आता हे कर. ज्या पायांनी साहेबाकडे गेलास त्याच पायांनी पुन्हा जा, आणि जे सांगितलंस ते परत घे. दोन वर्षांचं बोलायचं नाही, ते माझं आहे. फक्त एवढं सांग की मी काम करू शकते. नाही गेलास तर दिवाळीला मी अमरावतीला येणार नाही, आणि नंतरही नाही.

जयवंता


अमरावती,
२ ऑक्टोबर १९६३

ती. बाईस,

काल गेलो होतो.

साहेब म्हणाले, "मे महिन्यात तुम्ही म्हणालात ती फिरू शकत नाही, आज म्हणता फिरू शकते. डॉक्टरचा दाखला खोटा की तुम्ही खोटे?" मी म्हणालो, "मी." म्हणाले, "उद्या बाई रस्त्यात पडल्या तर?" म्हणालो, "पडल्या तर उठतील. तुमच्यावर बोल येणार नाही." शिपाई दारात उभा होता, त्याच्या देखतच बोललो. या वेळी त्यानं ऐकावं म्हणून मोठ्याने बोललो.

तू कपाटामागे पाठमोरी बसली होतीस. तुझ्यापाशी यायचं मनात होतं. धीर झाला नाही. तुझा डावा हात खुर्चीच्या बाजूला सोडलेला दिसला, सुजलेला. मी तसाच एसटीत बसलो.

जमुनाला सगळं सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाही.

धर्मपाल


अकोला,
२० डिसेंबर १९६३

चि. धर्मपाल यास,
जयभीम.

दिवाळीला आले तेव्हा आपण पोरांदेखत काही बोललो नाही, ते बरं झालं. आता कामाचं लिहिते.

साहेबांनी महिनाभर काही केलं नाही. शेवटी शालूच त्यांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, मले हिवरा नको. तिथल्या बाया मले विचारतात की जयवंताबाई मेल्या काय, अन् मले उत्तर देता येत नाही." तेव्हा कुठे निम्मी गावं मला परत मिळाली. लांबची होती तीच दिली. हरकत नाही.

हिवऱ्यात शाळा सुटल्यावर वर्गात बायांची सभा बोलावली. बऱ्याच आल्या, मला पाहायला आल्या असतील. भिंतीला चिकटून बसल्या, माझ्यापासून लांब. पार्बताबाई दारातच उभी. मी दूध पावडरवर बोलायला लागले. कोणाचं लक्ष नव्हतं. सगळ्या जणी साहेबासारख्याच पाहत होत्या. माझं डोकं फिरलं. खिडक्या लावून घेतल्या. पार्बताबाईला म्हटलं, आत या नाही तर बाहेर जा, दार लावायचं आहे. ती आत आली.

मग मी पदर टाकला आणि पोलकं काढलं. कापसाची घडी काढून मास्तरच्या टेबलावर ठेवली.

"पाहा," म्हटलं. "चोरून काहून पाहता? नीट पाहा. इथून काय उडून तुमच्या लेकरांना लागणार आहे ते मला दाखवा."

माझी कातडी शेकानं काळी पडलेली आहे, तुला ठाऊक आहे, चामड्यासारखी. जाईबाई म्हातारीनं तोंडाला पदर लावला. मी म्हटलं, "हे असं झालं कारण मी वर्षभर लाजत बसले. गाठ होती, दुखत नव्हती. तुमच्यात कोणाला असेल तर लाजू नका. मला सांगा, मी घेऊन जाईन."

मग पार्बताबाईच बोलली. "हात वर जाते काय वो आता?"

मी हात वर करून दाखवला. कानापर्यंत जातो.

"हूं," म्हणाली आणि निघून गेली. तिनं मला अजून घरात बोलावलेलं नाही. बोलावेल असं वाटत नाही, आणि मीही वाट पाहत नाही. तिच्यावरचा माझा राग गेलेला नाही.

पण सभा सुटल्यावर मैनाबाई नावाची एक लेकुरवाळी मागे राहिली. म्हणाली, "बाई, मले हाये." तिला सायकलवर मागे बसवता येईना, म्हणून बैलगाडीनं अकोल्याच्या दवाखान्यात नेली. दुधाची गाठ निघाली, कॅन्सर नाही. तिच्या सासूनं मला शिव्या दिल्या, पोरीला उगाच भेडसावलं म्हणून. मी म्हटलं, द्या, पोटभर द्या. घरी येताना मी इतकी हसले की गाडीवानाला वाटलं, बाईला वेड लागलं.

जमुनाला म्हणावं, आता बोल त्याच्याशी. माझं मी पाहून घेईन.

बाई


अकोला,
२१ फेब्रुवारी १९६६

चि. धर्मपाल यास,
जयभीम.

डॉक्टरांनी दिलेली दोन वर्षं केव्हाच संपली, आणि मी त्यांना न विचारता वरचे दिवस घेतले. मागच्या महिन्यात साहेबांची बदली झाली. निरोपाच्या सभेत ते म्हणाले, "जयवंताबाई आमच्या ब्लॉकच्या भूषण आहेत." मी टाळ्या वाजवल्या नाहीत.

आता ऐक. पंधरा दिवसांपासून कंबरेच्या वर, पाठीच्या मणक्यात दुखतं. आधी वाटलं सायकलनं असेल, पण सायकल सोडून पाहिली तरी थांबत नाही. कूस बदलताना डोळ्यांत पाणी येतं. शालूलाही अजून सांगितलेलं नाही. पहिल्यांदा तुला लिहिते आहे.

हे वाचून तू घाबरशील. घाबर, पण उगाच धावपळ करू नको, आणि माझ्या नव्या साहेबांना भेटायला जाऊ नको. रजेचा अर्ज मी स्वतः लिहून दिला आहे. या वेळी त्यात कॅन्सर असंच लिहिलं आहे, परत आल्यावर मला माझी गावं हवीत असंही लिहिलं आहे.

मुंबईला तू माझ्याबरोबर ये. तू नसलास तर मला गाडीत नीट बसताही येणार नाही, आणि मला तू हवा आहेस. पण तो डॉक्टर बोलायला लागला की मी त्याच्या समोरच्या खुर्चीत बसेन. तुला हवं तर माझ्या शेजारी उभा राहा. त्यानं तुला बाहेर बोलावलं तर जायचं नाही.

गुरुवारी बडनेऱ्याहून तू गाडीत चढ, मी अकोल्याला चढेन. माझ्यासाठी खिडकीची जागा धर.

तुझी,
बाई